भोकांची फरशी

ती फरशी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा गटाराची जाळी समजून तिच्यावर उभी राहिले होते. पूर्व इंग्लंडमधलं एक लहानसं गाव, नदीकाठी विटांची लांबच लांब इमारत, तिचे आता फ्लॅट झालेले, आणि मागच्या अंगणात पायवाट म्हणून घातलेल्या या भाजक्या मातीच्या चौकोनी फरश्या. प्रत्येकीवर अंगठा जाईल एवढाली भोकं, ओळीनं. भोकांत पावसाचं पाणी साचलेलं. पाणी साचलंय म्हणजे गटार तुंबलंय, असा निष्कर्ष काढून मी पुढे निघाले होते.

माझ्याबरोबर एक निवृत्त वास्तुतज्ज्ञ होते. जुन्या इमारतींची मोजमापं घेण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "गटार नाही ते," एवढंच म्हणाले. "भट्टी आहे. म्हणजे होती. तुम्ही भट्टीच्या तळावर उभ्या आहात."

इंग्रजीत ज्याला मॉल्टिंग्ज म्हणतात त्या इमारतीशी माझी ही पहिली ओळख. मी तिला आपलं माल्टघर म्हणते. बिअर कुठे तयार होते हे साधारण सगळ्यांना ठाऊक असतं. पण बिअरच्या आधी जवाचं माल्ट व्हावं लागतं, त्यासाठी वेगळी इमारत लागते, आणि ती बिअरच्या कारखान्यापेक्षा कितीतरी मोठी असू शकते, हे माझ्या गावीही नव्हतं.

माल्ट करणं म्हणजे खरं तर दाण्याची फसवणूक आहे. जव दोन-तीन दिवस हौदात भिजवायचे, मग उपसून जमिनीवर पसरायचे. दाण्याला वाटतं, पेरणी झाली. तो कामाला लागतो. त्याच्या पोटात पिष्टाचा साठा असतो, पण कोंबाला पिष्ट खाता येत नाही, साखर लागते. म्हणून पिष्टाची साखर करणारी एन्झाइम तो तयार करायला घेतो. नेमकी हीच अडचण साखरेचं मद्य करणाऱ्या यीस्टची असते. त्यालाही पिष्ट पचत नाही. तेव्हा माणसानं काय करायचं, तर दाण्याला एन्झाइम तयार करू द्यायची, मोड पुरते आले की साठा खाऊन संपायच्या आत त्याला उचलून भट्टीत घालायचं आणि हळूहळू वाळवायचं. दाणा मरतो, एन्झाइम राहतात. पुढे हा दाणा भरडून साधारण ६५ अंशांच्या पाण्यात घातला की ती पुन्हा कामाला लागतात आणि तासाभरात पाणी गोड होतं. ब्रुअरीची गोष्ट तिथून सुरू होते. माल्टघराची तोवर संपलेली असते.

या सगळ्याला यंत्र काय लागतं? जवळपास काहीच नाही. लाकडी फावडं, दंताळं, आणि जमीन. जमीन मात्र भरपूर. सपाट, गुळगुळीत, गार, आणि इतकी की ओंजळभर जाडीचा थर पसरला तरी हौदातला सगळा माल मावावा. मोड येताना दाणे तापतात, मुळं एकमेकांत अडकून चटई होऊ लागते, म्हणून दिवसातून कितीदा तरी, रात्रीसुद्धा, माल उलथत राहायचा. दाणा चिरडू नये म्हणून माणसं अनवाणी किंवा मऊ कापडी जोड्यांत वावरत. छत बुटकं, म्हणजे हवा ताब्यात राहते. खिडक्या लहान आणि त्यांना झडपा, कारण खिडकी उजेडासाठी नसतेच, ती गारव्यासाठी. गरमी वाढली, झडप उघड. कडाक्याचा वारा सुटला, बंद कर. इमारत हेच अवजार आणि तिच्या आत राहून ती चालवायची.

आता अवजारच जर इमारत असेल, तर शे-दोनशे वर्षांनी तिथे आलेल्या माणसाला काय दिसणार? रिकामी खोली. बुटकी, अंधारी, लांबलचक रिकामी खोली. गोदाम असावं, असंच कुणीही म्हणेल.

भट्टी मात्र लपत नाही. इमारतीच्या टोकाला उंच निमुळतं छप्पर आणि त्याच्या शेंड्यावर वाऱ्याबरोबर तोंड फिरवणारी टोपी, वाफ बाहेर जायला. तीही बघणाऱ्याला चकवतेच. आग्नेय इंग्लंडात केंटच्या बाजूला हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, वाळवायच्या भट्ट्या असतात, त्यांनाही अशाच टोप्या. फरक टोपीत नसतो, टोपीखाली काय जोडलंय त्यात असतो. बुटक्या मजल्यांची लांब शेपटी असेल तर माल्ट.

या इमारतींच्या जन्मात एका कराचाही हात आहे, हे मला फार गमतीचं वाटतं. इंग्लंडमध्ये १६९७ साली माल्टवर कर बसला तो १८८० पर्यंत टिकला. कर कशावर? भिजलेल्या धान्याच्या आकारमानावर. हौदातून काढलेले जव जमिनीवर पसरण्याआधी 'काउच' नावाच्या लाकडी चौकटीत भरून ठेवायचे, सरकारी माणूस येऊन पट्टीनं खोली मोजणार. मग मालकानं काय करावं? धान्य पायानं तुडवून दाबावं, म्हणजे पट्टीवर कमी भरेल. मग सरकारनं काय करावं? धान्य तुडवायला कायद्यानं बंदी घालावी. एखाद्या जुन्या माल्टघरात हौदाशेजारी जमिनीवर चौकटीच्या खाचा दिसल्या की मला तो पट्टीवाला माणूस दिसतो, आणि दाराआडून त्याच्याकडे बघणारे मालक. १८८० नंतर चौकटीची सक्ती गेली. म्हणजे ती खाच हे एक प्रकारे सालही आहे.

माणसांच्या खुणा याहून पुसट. हे काम थंडीचं. उन्हाळ्यात जमीन गार राहत नाही, म्हणून साधारण ऑक्टोबर ते मे एवढाच हंगाम. बर्टन-अपॉन-ट्रेंट हे बिअरचं मोठं शहर. तिथल्या माल्टघरांना हिवाळ्यात जितके हात लागत तितके त्या शहरात नव्हते. मग पूर्वेकडच्या सफक आणि नॉरफोकमधले शेतमजूर, सुगी संपली की, रेल्वेनं बर्टनला जात आणि वसंत सरता सरता परत येत. शेतावर त्या महिन्यांत काम नसे, इथे असे. दाण्याच्या ऋतूवर माणसांचं येणंजाणं बेतलेलं. त्यांचं काय उरलं? फ्लॅट झालेल्या त्या इमारतीत लाकडी खांबांवर एका विशिष्ट उंचीला लाकूड झिजून गुळगुळीत झालंय, ते आमच्या तज्ज्ञांनी हात फिरवून दाखवलं. वळताना माणूस जिथे हात टेकेल तिथेच. ते म्हणाले तसं असेल किंवा नसेल, पण मीही हात टेकला.

श्रूझबरीला मी मुद्दाम गेले, ती एका इमारतीच्या खिडक्या बघायला. डिदरिंग्टनची जवसाच्या धाग्याची, फ्लॅक्सची, ही गिरणी १७९७ ची. चार्ल्स बेज यानं तिचा सांगाडा ओतीव लोखंडाच्या खांबांचा आणि तुळयांचा केला, आगीला दाद देऊ नये म्हणून. पूर्ण लोखंडी सांगाड्याची ती जगातली पहिली इमारत, त्यामुळे गगनचुंबी इमारतींची पूर्वज म्हणून तिचं कौतुक होतं, आणि ते रास्तच आहे. पण मला तिचं दुसरं आयुष्य जास्त आवडतं. गिरणी १८८६ ला बंद पडली आणि १८९७ पासून तिथे माल्ट होऊ लागलं. गिरणीला उजेड हवा असतो, सूत तुटलेलं दिसलं पाहिजे. माल्टला उजेड नकोसा. म्हणून नव्या मालकांनी त्या मोठमोठ्या खिडक्या विटांनी बुजवल्या आणि बुजवलेल्या भागात इवल्या खिडक्या ठेवल्या. बाहेरून बघितलं की एकाच भिंतीवर दोन धंदे वाचता येतात: मोठ्या कमानीत धागा, तिच्या पोटातल्या लहान चौकोनात जव. १९८७ ला माल्टही थांबलं. बरीच वर्षं पडून राहिल्यावर २०२२ मध्ये ती लोकांसाठी पुन्हा उघडली. दुरुस्ती करताना काही खिडक्या मोकळ्या केल्या, काही तशाच ठेवल्या. सगळ्या मोकळ्या केल्या असत्या तर इमारत अधिक देखणी झाली असती आणि नव्वद वर्षांबद्दल मुकी झाली असती.

जमिनीवरच्या माल्टचा काळ मोडला तो यंत्रांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सालादिन नावाच्या फ्रेंच अभियंत्यानं खोल पेटी आणली. खालून हवा, वरून फिरणारे मळसूत्री स्क्रू माल उलथणारे. एवढी जमीन लागेना. तरी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्लीफर्डला बास या बिअर कंपनीनं जमिनीवरच्या माल्टसाठी आठ भव्य इमारतींची रांग उभी केली, दर्शनी लांबी जवळजवळ ३०० मीटर. जाणारा काळ कधी कधी सर्वांत मोठं घर बांधून जातो. त्या १९५९ ला बंद पडल्या, १९७६ ला त्यांतल्या काही आगीत सापडल्या.

आग ही या धंद्याची सख्खी शेजारीण. स्नेप इथलं माल्टघर १९६५ ला बंद पडलं, त्यातल्या सर्वांत मोठ्या इमारतीचं संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या संगीत महोत्सवासाठी सभागृह झालं, १९६७ ला राणीच्या हस्ते उद्घाटन झालं, आणि दोन वर्षांनी महोत्सवाच्या पहिल्याच रात्री ते जळालं. शतकभर आत भट्ट्या पेटत होत्या तेव्हा टिकलेली वास्तू, गाणं सुरू झाल्यावर जळाली. वर्षभरात पुन्हा बांधली.

पण जमिनीखालच्या गोष्टीत आग हीच साक्षीदार आहे, हे मला पुढच्या वर्षी कळलं. एका उत्खननाच्या प्रयोगशाळेत दोन आठवडे स्वयंसेवक म्हणून काम केलं तेव्हा. काम असं: खणलेली माती पाण्याच्या टाकीत सोडायची, करपलेलं जे काही असेल ते हलकं म्हणून तरंगतं, ते बारीक जाळीवर धरायचं, वाळवायचं, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्यानं निवडत बसायचं. तांदूळ निवडावेत तसं, फक्त खडे हवेसे आणि सगळंच काळं.

माझ्या ताटलीत रोमनकाळातल्या एका भट्टीची माती होती. दाणे स्पेल्टचे, म्हणजे घट्ट सालीच्या जुन्या गव्हाचे. मी दाणे एका वाटीत, साली दुसऱ्या वाटीत, आणि मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या वाकड्या काड्या टाकाऊ ताटलीत, अशी तासभर मन लावून वाटणी केली. आमची प्रमुख येऊन डोकावली आणि तिनं टाकाऊ ताटली अलगद स्वतःकडे ओढली.

"हे काय आहे माहितीये तुला?"

"काड्या."

"कोंब आहेत. गळून पडलेले. यांच्यासाठीच तर ही माती आणलीये."

मग तिनं एक दाणा चिमट्यात धरून पालथा केला. त्याच्या पाठीवर, बुडापासून वर गेलेली एक बारीक पन्हळ होती, नखानं ओढावी तशी. साल घट्ट असल्यामुळे कोंबाला लगेच बाहेर पडता येत नाही. तो सालीच्या आत, दाण्याच्या पाठीला चिकटून वर सरकत जातो आणि जाताना स्वतःची जागा करतो. कोंब गळून गेला तरी पन्हळ राहते. सतराशे-अठराशे वर्षांपूर्वी चार-पाच दिवसांत उमटलेला चर, आणि तो करपल्यामुळे टिकलेला. मी तो दाणा बराच वेळ बघत बसले. उरलेली दुपार टाकाऊ ताटली पुन्हा निवडण्यात गेली, हे ओघानं आलंच.

मोड आलेले दाणे सापडले म्हणजे माल्ट, असंही नसतं. कापणीच्या वेळी पाऊस लागला तरी दाण्यांना मोड येतात. पण तेव्हा काहींना येतात, काहींना नाही, आणि लांबी कमीजास्त. मुद्दाम आणलेले मोड सगळ्यांना आणि साधारण सारखे असतात. म्हणून मोजायचं. शंभरातले किती, कोंब किती लांब. संध्याकाळी मान दुखते.

ब्रिटनमध्ये रोमनकाळातल्या अशा भट्ट्या पुष्कळ सापडतात, बऱ्याचशा इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या. त्यांना जे नाव पडलं ते 'धान्य वाळवायच्या भट्ट्या'. ओला देश, ओलं धान्य, वाळवायला भट्टी. सगळं इतकं सरळ की कुणी शंका घेतली नाही. १९७० च्या दशकात पीटर रेनल्ड्स यांनी हॅम्पशरमधल्या बट्सरच्या प्रायोगिक शेतावर तशी एक भट्टी खरोखरच बांधून पेटवली. धान्य वाळवायला ती फार कामाची निघेना. माल्टसाठी मात्र बरी वाटली. १९७९ ला त्यांनी आणि सहकाऱ्यानं तसं लिहिलं. दहा वर्षांनी मारायके व्हॅन डर व्हेन यांनी अनेक ठिकाणच्या भट्ट्यांतले करपलेले दाणे तपासले आणि दोन्ही बाजूंना थोडं थोडं बरोबर ठरवलं: काही ठिकाणी वाळवण, काही ठिकाणी माल्ट. मला या कथेत आवडतं ते हे की वाद वाचून सुटला नाही, जाळ करून आणि दाणे मोजून सुटला.

नाव आधी पडतं आणि मग डोळे त्या नावासारखं बघू लागतात, याचं मोठं उदाहरण इजिप्तचं. अबिडॉसला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश संशोधकांना ओळीनं मांडलेली मातीची मोठी भांडी आणि जळालेली माती सापडली. धान्य भाजायच्या भट्ट्या असाव्यात, असा अंदाज झाला आणि जागाही पुढे विस्मरणात गेली. ती पुन्हा शोधून खणल्यावर २०२१ च्या फेब्रुवारीत जाहीर झालं की ती ब्रुअरी होती, सुमारे ५००० वर्षांपूर्वीची, राजा नारमेरच्या काळातली. आठ लांबट विभाग, प्रत्येक सुमारे २० मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद, प्रत्येकात दोन रांगांत चाळीसेक भांडी. एका खेपेला २२,४०० लिटर बिअर निघत असावी, असा संशोधकांचा हिशोब. एवढं मोठं प्रकरण, आणि शंभर वर्षं ते भाजण्याची भट्टी म्हणून कागदावर पडून होतं.

माझा मूळचा प्रश्न तरी तसाच होता: भिजवायची आणि पसरायची जागा कशी ओळखायची? भट्टी जळते, म्हणून उरते. जमीन काय उरणार? नॉरफोकमध्ये सेजफर्डला रोमन गेल्यानंतरच्या अँग्लो-सॅक्सन काळातलं जे सापडलं त्यात भिजवण्याचा खड्डा, पसरण्याची जमीन आणि भट्टी असं तिन्ही एकाशेजारी एक मिळालं, आणि जमिनीला जमीन म्हणायचं धाडस झालं ते शेजारच्या भट्टीमुळे. जर्मनीत श्टुटगार्टजवळ होखडॉर्फला लोहयुगातल्या लांबट चरांच्या तळाशी करपलेल्या जवांचा थर होता, जवळपास सगळ्यांना सारखे मोड. चरातच मोड आणून तिथेच वाळवत असावेत. एके दिवशी जाळ जरा जास्त झाला.

सगळं या 'जरा जास्त'वर चाललंय. ज्या खेपा नीट साधल्या त्या प्यायल्या गेल्या, त्यांचा मागमूस नाही. ज्या खेपेला भट्टीवरचा माणूस डुलकी घेत होता, तीच आपल्याला सापडते. त्या दिवशी त्यानं काय काय ऐकून घेतलं असेल! दोन-अडीच हजार वर्षांनी त्या बिघडलेल्या मालावर प्रबंध लिहिले जातात. चांगला माल्ट करणारा कुणी पुरातत्त्वाला माहीत नाही.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांबद्दल एक वाद चालू आहे. स्कारा ब्रे आणि आसपासच्या सुमारे ५००० वर्षांपूर्वीच्या दगडी घरांत गटारं आहेत, घट्ट गुळगुळीत जमिनी आहेत. स्वतःच्या हातानं जुन्या पद्धतीनं माल्ट करून पाहणारे काही अभ्यासक म्हणतात, हे सगळं माल्टलाच तर लागतं. मला ते खरं असावं असं फार वाटतं. पण वाटण्याला काय अर्थ? गुळगुळीत जमीन आणि गटार स्वच्छता आवडणाऱ्या कुणाच्याही घरात असेल. आशेची जागा वेगळीकडेच आहे: २०२० मध्ये आंद्रेआस हाइस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मोड येताना दाण्याच्या सालीलगतच्या अल्यूरोन थराच्या पेशीभिंती पातळ होतात, आणि दाणा भरडला, करपला, भांड्याच्या तळाला चिकटला तरी तो पातळपणा सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. म्हणजे अख्खा दाणाही लागणार नाही. खरवड पुरेल.

त्या नदीकाठच्या गावात मी परत गेले ती दोन वर्षांनी. मधल्या काळात एका संग्रहालयाच्या कोठारात माल्टभट्टीची फरशी नीट पाहायला मिळाली होती. तिच्या एका बाजूला अंगठ्याएवढी भोकं असतात, पण ती आरपार नसतात. वरच्या बाजूला त्या प्रत्येक भोकाच्या माथ्यावर सुईनं टोचल्यासारखी पाच-सात छिद्रं. खालून गरम हवा मोठ्या भोकात शिरते, बारीक छिद्रांतून वर येते, आणि वर पसरलेला दाणा खाली पडत नाही. मोठी भोकं जाळाकडे, बारीक धान्याकडे.

अंगणात सगळ्या फरश्या उलट्या घातलेल्या होत्या. म्हणून पाणी साचत होतं आणि म्हणून मला गटार वाटलं होतं. कडेची एक सुटी होती, चालताना डुगडुगत होती. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी खाली बसले आणि ती उचलून पालथी केली. चिखल बोटानं पुसला. छिद्रांचे पुंजके ओळीनं दिसू लागले, बरेचसे मातीनं बुजलेले. एका छिद्रात मातीपेक्षा काळं काहीतरी अडकलं होतं, टोकदार. केसातली पिन काढून टोकरलं, तर ते आणखी आत सरकलं. दुसऱ्या बाजूनं, मोठ्या भोकातून, बोट घालून पाहिलं. पोचेना. तेवढ्यात वरच्या बुटक्या खिडकीतून कुणीतरी विचारलं, काही हरवलंय का. मी "नाही, नाही" म्हणत फरशी खाली ठेवली, आणि या वेळी सुलटी ठेवली.